नावाडिणीला आठवलं, गावाला नाही

प्रति,
या गेमचे लेखक, क्वेस्ट डिझायनर आणि पुढच्या पॅचची (गेममधल्या दुरुस्त्यांची) यादी ज्यांच्या हातात आहे ते सगळे

नमस्कार.

तुमच्या गेमचं नाव या पत्रात कुठेही येणार नाही. नावाडीण म्हटलं की तुम्हाला कळेलच. दुसऱ्या कुणा गेमवाल्यांना हे आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं, तर वाटू द्या. बहुतेक वेळा ते खरंच असेल.

माझे ४१ तास झालेत. लेव्हल २३, आणि सेव्ह फाइल सांगते त्यावर विश्वास ठेवायचा तर मुख्य कथा ५४ टक्के. तेव्हा हे परीक्षण नव्हे. निम्म्यावरच लिहायला बसले, कारण एकदा गेम संपला की शेवटच्या दोन तासांचा रंग आधीच्या सगळ्यावर चढतो. शेवट जमला असेल तर मी सगळं माफ करून मोकळी होईन, फसला असेल तर जे आवडलं होतं तेही मनातून उतरेल. दोन्हींपैकी काही व्हायच्या आत हे कागदावर यायला हवं होतं.

आधी नावाडीण.

तिसऱ्या तासाला मी त्या नदीवर पोचले. जवळ ६ नाणी, भाडं १०. तिने विचारलं, पलीकडे काय काम? समोर चार उत्तरं आली. एक धमकीचं होतं, एक गयावया करण्याचं, एक खरं, आणि एक होतं: ‘भाऊ आजारी आहे, त्याच्याकडे निघालेय.’ मला भाऊबिऊ कुणी नाही, म्हणजे माझ्या पात्राला नाही. पण ४ नाणी वाचत होती. मी दाबलं बटण. तिने नाव सोडली, वाटेत काहीतरी पाण्याच्या ओढीबद्दल बोलली, मी उतरले आणि विसरले. अगदी साफ विसरले.

तिसाव्या तासाला मी पुन्हा त्याच नदीवर होते. रात्र, पाऊस, अंगावर आता बऱ्यापैकी चिलखत, जवळ चार हजारांवर नाणी. मॅपवर काही खूण नव्हती, क्वेस्ट लॉगमध्ये, म्हणजे कामगिऱ्यांच्या वहीत, एक ओळ नव्हती. नाव मध्यावर आली आणि वल्हं न थांबवता तिने विचारलं, ‘भाऊ कसा आहे?’

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला. कुठला भाऊ? दोनेक सेकंद खरंच काही सुचेना. मग आठवलं, आणि कान गरम झाले. सत्तावीस तासांपूर्वी चार नाण्यांसाठी मारलेली थाप एका बाईने जपून ठेवली होती. आणि ती बाई म्हणजे तुमच्या कोडमधली एक नोंद आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरीही. उत्तरं तीन होती: तो गेला, तो बरा आहे, भाऊ नव्हताच. मी तिसरं निवडलं. ती काही बोलली नाही. नाव काठाला लागली, मी उतरायला लागले तेव्हा म्हणाली, ‘मला होता.’ आणि भाडं घेतलं १४. आजचे १० आणि मागचे राहिलेले ४.

एक्सपीरियन्स पॉइंट, ज्यांवर लेव्हल चढते ते, शून्य. लूट काही नाही. ‘नावाडिणीला तुमचा प्रामाणिकपणा आवडला’ अशी पट्टी कोपऱ्यात चमकली नाही, याबद्दल तर तुमच्यापैकी जो कुणी भांडला असेल त्याला माझा दंडवत. ४१ तासांतला तुमचा सगळ्यात चांगला क्षण हाच आहे. त्या दोन मिनिटांसाठी मी हा गेम लोकांना घ्यायला सांगते आहे.

आता ते विहिरीचं गाव.

तिथली क्वेस्ट काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. पाणी नासलंय, माणसं तापाने पडताहेत, विहिरीच्या तळाशी काहीतरी बसलंय. मी तिथे उशिरा गेले, कारण वाटेत तुम्हीच मला सात ठिकाणी थांबवलं होतं (त्यावर पुढे येते). गेले तोवर दोघं मेली होती. खाली उतरून ते जनावर मारलं, चांगलीच झटापट झाली. वर येताना तळाशी सापडलेल्या पोराचं प्रेत खांद्यावर होतं. तुम्ही मला धावू दिलं नाहीत, उडी मारू दिली नाहीत, विहिरीपासून त्याच्या घरापर्यंत नुसतं चालायला लावलंत. दारात आई उभी. कॅमेरा तिच्या तोंडावर गेला नाही, तिच्या हातांवर गेला. इथेही कुणीतरी विचार केला होता, हे दिसत होतं.

पाच तासांनी लोहाराकडे काम होतं म्हणून त्याच गावात परत गेले. वेशीवरच्या पहारेकऱ्याने अडवलं: ‘परकी दिसतेस. इथे उचलेगिरी केलीस तर गाठ माझ्याशी आहे.’ अहो, याच माणसाने विहिरीवर माझा दोर धरला होता! बरं, असेल, चुकून झालं असेल, म्हणून पुढे गेले. त्या घराच्या दारात ती आई उभी होती. तीच जागा, तेच हात. मी जवळ गेले. ती म्हणाली, ‘आज उघडीप आहे, बरं वाटतं.’

मी परत गेले, परत तेच. त्या एका फेरीत तिने मला ते वाक्य पाच वेळा ऐकवलं. शेवटच्या दोनदा तर खरोखर पाऊस पडत होता.

सगळं गाव असंच. ज्यांची घरं माझ्यामुळे वाचली ते मला पत्ता विचारतात. लोहार पूर्ण भाव लावतो, त्याचं मला काही नाही, धंदा आहे. पण त्याची बायको तापातून उठली ती कुणामुळे, हे निदान त्याच्या एका हुंकारात तरी यावं की नाही? क्वेस्ट लॉगमध्ये ‘पूर्ण’ असा शिक्का पडला आणि गाव ये रे माझ्या मागल्या म्हणून होतं तिथे जाऊन उभं राहिलं.

एकाच गेममध्ये ही दोन्ही कशी, हा माझा प्रश्न आहे. सगळंच पोकळ असतं तर मी दहाव्या तासाला बंद केलं असतं आणि तुम्हाला पत्र लिहायची तसदी घेतली नसती.

या प्रकारच्या खेळांचं मूळ कुठे आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं घेऊन बसून खेळायचा खेळ आणला तेव्हा टेबलाभोवती चार माणसं असायची, आणि खेळ चालवणारा एक. नियम, फासे, लेव्हल, हिट पॉइंट (जीव किती उरला याचा आकडा) ही सगळी हिशेबाची कामं. संगणक आल्यावर ती त्याने पटापट उचलली, आणि माणसापेक्षा चांगली केली. पण खेळ चालवणाऱ्याचं दुसरं एक काम होतं, ते कुठल्या नियमात लिहिलेलं नसायचं. तो लक्षात ठेवायचा. तीन आठवड्यांपूर्वी तू सराईवाल्याला शिवी दिली होतीस ना? तर आज खोल्या शिल्लक नाहीत. एवढंच. त्यासाठी त्याला नवी कथा रचावी लागत नसे. ते काम संगणकाकडे आलं ते मात्र अर्धवट, आणि दर पिढीत कुणीतरी एखादा ते उचलून दाखवतो, बाकीचे टाळ्या वाजवून पुढे जातात.

हातात धरून खेळायच्या गेम बॉयवरच्या १९९३च्या ‘लिंक्स अवेकनिंग’मध्ये दुकानातून वस्तू चोरता येते. चोरलीत की त्यापुढे सगळी माणसं तुम्हाला तुमच्या नावाने नाही, ‘चोर’ म्हणून हाक मारतात. पार शेवटपर्यंत. परत त्या दुकानात गेलात तर दुकानदार जीवच घेतो. ती अख्खी कार्ट्रिज ५१२ केबीची होती. तुमचा गेम डाउनलोड करायला मला जुने तीन गेम उडवावे लागले. १०० जीबीच्या वर आहे तो.

आणि १९९५चा ‘क्रोनो ट्रिगर’. सुरुवातीला जत्रा आहे, आपण मजेत हिंडतो. एका मुलीला धडकतो, तिचं लॉकेट पडतं. आधी तिला उठवलं की आधी लॉकेट उचललं? टेबलावर कुणाचंतरी जेवण ठेवलेलं आहे, ते खाल्लं का? एका लहान मुलीचं मांजर शोधून दिलं का? हे सगळं गंमत म्हणून चाललंय असं वाटतं. पुढे खटला उभा राहतो आणि एकेक साक्षीदार येऊन नेमकं तेच सांगतो. जे खाल्लं ते, जे उचललं ते. आता यातली खरी मेख बघा: ज्यूरीने दोषी ठरवलं काय आणि निर्दोष ठरवलं काय, आपण तुरुंगातच जातो. कथा पुढे जवळपास त्याच रस्त्याने चालते. एका रस्त्याचे दोन केलेच नाहीत त्यांनी. तरीही तीस वर्षं लोक त्या खटल्याबद्दल बोलताहेत.

माझं सगळं म्हणणं या खटल्यात आलं. तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असं समजू नका. फाटे फुटले की काम किती वाढतं हा साधा हिशेब आहे: हो-नाहीचे दहा निर्णय, आणि प्रत्येकाने खरंच जग बदलायचं म्हटलं तर १०२४ जगं. ती लिहायची, प्रत्येक भाषेत आवाज भरायचे, वाकडी वाट धरणाऱ्या माझ्यासारख्या खेळाडूने ती मोडू नयेत म्हणून तपासायची. कुठल्याही स्टुडिओचं कंबरडं मोडेल. पण मी परिणाम मागत नाहीये. मी आठवण मागते आहे, आणि ती परिणामापेक्षा कितीतरी स्वस्त असते. नावाडिणीने काय बदललं? काहीच नाही. नदी तीच, काठ तोच, मुख्य कथेला ओरखडासुद्धा नाही. एक नोंद, तीन उत्तरं, चार नाण्यांची वजाबाकी. एवढ्याने मला पहिल्यांदा वाटलं की या जगात मी येऊन गेले याची कुणीतरी दखल घेतली आहे.

‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) मेलेल्याशी बोलायचा मंत्र आहे. ज्याला तुम्ही स्वतः मारलंत त्याचं प्रेत तुमच्याशी बोलायला नकार देतं. वेश पालटून या, मग बोलतं. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते, प्रेतासमोर. ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ने (२०१४) तर यावर सगळी यंत्रणाच उभी केली. किरकोळ शिपायाने तुम्हाला मारलं तर त्याला बढती मिळते, नाव मिळतं, आणि पुढच्या भेटीत तो मागच्या भेटीवरून टोमणे मारतो. आगीतून सुटलेला असेल तर भाजल्याचे व्रण घेऊन येतो. त्या यंत्रणेला २०२१ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. म्हणून तुम्ही तिची नक्कल करत नसाल तर ते समजण्यासारखं आहे. पण दोर धरणाऱ्या पहारेकऱ्याने माणूस ओळखावा, यावर काही कुणाचं पेटंट नाही.

मग तुमचे कष्ट गेले कुठे? मॅपवर गेले. मी एकदा एका कोपऱ्यातल्या खुणा मोजायला घेतल्या आणि ७०च्या पुढे कंटाळून सोडून दिलं. जडीबुटी, पेट्या, लुटारूंचे तळ, दर तळावर एक नायक आणि त्याच्याकडे माझ्या तलवारीपेक्षा ३ टक्क्यांनी बरी तलवार. जग बुडायला आलंय असं राजगुरू मला आठव्या तासापासून सांगताहेत आणि मी निळी फुलं वेचते आहे. त्याच सात थांब्यांपायी त्या गावात मला उशीर झाला. पोरगं माझ्या उशिरामुळे गेलं, की मी कधीही पोचले असते तरी जाणारच होतं, हे मला अजून कळलेलं नाही. मला ते कळू नये असंच वाटतं, तेवढं सांगू नका.

लांडग्यांचंही तेच. लेव्हल ३ला ज्या लांडग्याने मला झाडावर चढवलं होतं, तो लेव्हल २३लाही तेवढाच घाम काढतो, कारण माझ्याबरोबर तोही वाढतो. २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये रस्त्यावरचे भुरटे लुटारूसुद्धा पुढे पुढे काचेची महागडी चिलखतं घालून वाटसरूंकडे चिल्लर मागायला लागले होते, तेव्हा लोक एवढे हसले, तरी ही खोड जात नाही. माझ्या दृष्टीने हाही विसराळूपणाच. मी वीस लेव्हल चढले हे त्या जंगलाने नोंदवलेलंच नाही. एखादा लांडगा मला बघून शेपूट घालून पळाला असता तर मी त्याला सुखाने जाऊ दिलं असतं.

चांगलं आहे तेही सांगते, नाहीतर म्हणाल की नुसतं रडगाणं. हातोड्याला वजन आहे. मारला की अंगठ्यापर्यंत जाणवतो. धुक्यातून घंटेचा आवाज येतो आणि आपण आवाजाच्या दिशेने चालत देवळाशी पोचतो, तिथे तुम्ही खूण ठेवली नाहीत, शाबास. संगीत तर मी गेम बंद करूनही ऐकते. इन्व्हेंटरी, म्हणजे सामानाची पिशवी, भयंकर आहे, पण ती सगळ्यांचीच असते.

साथीदारांचं काय करावं कळत नाही. तिरंदाज पोरगी विहिरीत माझ्याबरोबर उतरली होती. ते पोर तिनेच आधी पाहिलं. रात्री तळावर तिच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसलं, म्हटलं, चला, आता बोलेल. तिने मला तिच्या बापाच्या हरवलेल्या धनुष्याची गोष्ट सांगितली. गोष्ट छान लिहिली आहे, आवाज देणारीने जीव ओतलाय. पण त्या रात्री? तिच्या बाहीवर विहिरीचा चिखल अजून दिसत होता, तुमच्या ग्राफिक्सवाल्यांनी तो इमानदारीने ठेवला होता. कपड्यांना आठवत होतं, तिला नाही.

एक गोष्ट कबूल करते, कारण ती पत्रातून सोयीस्करपणे वगळली तर मीच खोटी ठरेन. मलाही काही आठवत नाही. दोन आठवड्यांनी गेम उघडला की मी कुठे निघाले होते, ही किल्ली कशाची, या म्हाताऱ्याला मी काय कबूल केलं होतं, सगळं कोरं. तुमच्या खुणा आणि लॉग माझ्यासारख्यांसाठीच आहेत आणि मी त्यांच्या जिवावर खेळते. २००२च्या ‘मॉरोविंड’मध्ये म्हणे खूण नसायची, डायरीत लिहिलेलं वाचून डोंगराच्या डावीकडून जा, पूल ओलांडा, असं शोधत जावं लागे. मी तो नंतर खेळून बघितला आणि दुसऱ्याच दिवशी पुलाच्या चुकीच्या बाजूला रात्र काढली. तेव्हा खुणा काढून टाका असं मी म्हणणार नाही. माझ्या विसरण्याची सोय तुम्ही उत्तम केली आहे. नावाडीण एवढी लागली ती त्यामुळेच असेल: मी विसरले होते आणि ती विसरली नव्हती.

आता पॅचबद्दल, कारण तुम्ही अजून दर महिन्याला पॅच काढता. सबंध गावाला नव्याने बोलतं करा असं मी सांगत नाही. आवाज देणारे कलाकार केव्हाच दुसऱ्या कामांना लागले असतील, स्टुडिओत परत बोलावणं सोपं नसतं, हे धरून चालते. तरी पहारेकऱ्याची धमकी विहिरीनंतर बंद करता येईल. त्याच्या जागी काही नको. नुसता बाजूला सरकला तरी मला कळेल. एक नोंद तपासायची, एक ओळ गाळायची.

आणि त्या पोराच्या आईची उघडिपीची ओळ काढा. नवीन काही लिहू नका. सांत्वन, आभार, शाप, काही नको. तुम्ही लिहाल ते बहुधा चांगलंच असेल, तरी नको. तिला दारात उभी राहू दे, मी जवळ गेले की तिने माझ्याकडे बघावं आणि बोलू नये. याला रेकॉर्डिंग लागत नाही, भाषांतर लागत नाही.

मी सेव्ह केलंय ते नदीच्या अलीकडच्या काठावर. मुख्य क्वेस्टची खूण पलीकडे आहे. फास्ट ट्रॅव्हलने, म्हणजे मॅपवरून थेट उडी मारून, दोन सेकंदांचं काम, आणि पहिल्या तीस तासांत मी तेच केलं असतं. पण त्या रात्रीनंतर ही नदी मी एकदाही तशी ओलांडलेली नाही. १० नाणी वेगळी काढून ठेवली आहेत. नाव पलीकडच्या काठाला दिसते आहे, वाट बघते.

तुमची,
लेव्हल २३वरची एक खेळाडू